मागच्या खोलीतली आत्या

पुस्तकं कापणं हा माझा धंदा आहे. जाडजूड, नावाजलेली, सगळ्यांनी ऐकलेली आणि फार थोड्यांनी पुरती वाचलेली पुस्तकं माझ्या टेबलावर येतात आणि शाळेच्या दप्तरात मावतील एवढी होऊन खाली छपाईला जातात. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव मोठं असतं, खाली बारीक अक्षरात 'संक्षिप्त आवृत्ती' असं असतं आणि माझं नाव कुठेच नसतं. ऑफिसात मला पाठीमागे कात्रीबाई म्हणतात, तोंडावर ताई म्हणतात. दोन्हीला मी ओ देते. भांडायचं तर अंगात त्राण लागतं.

कापायचीही एक रीत आहे. आधी निसर्ग जातो. मग पत्रं, मग उपदेश, मग स्वप्नं. एवढं काढूनही पुस्तक मापात बसलं नाही तर माणसं काढायची. हे काम किचकट. माणूस नुसता खोडून चालत नाही. तो ज्यांच्याशी बोलला त्यांची बोलणी दुसऱ्याच्या वाट्याला द्यायची, त्याने आणलेला निरोप दुसऱ्याच्या तोंडी घालायचा, जेवणाच्या टेबलावरचं त्याचं ताट उचलायचं. नीट जमलं तर वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही की इथे कोणी होतं. पूर्वी मला ह्याचा अभिमान होता. आता फक्त पाठ दुखते.

ह्या खेपेला टेबलावर 'ठोकळा' आला होता. हे आमचं ऑफिसातलं नाव. पुस्तकाचं खरं नाव लांबलचक आहे आणि ते उच्चारलं की लोक उगाच आदराने मान हलवतात. नदीच्या धक्क्याजवळचं एक घर, तीन भाऊ, घर ओढणारी थोरली सून, कोर्टात अडकलेला मधला, घरातून पळून जाणारा धाकटा. बस, एवढंच. माझ्या आजोबांच्या वेळचं पुस्तक, पण अजून दर दोन-चार वर्षांनी छापावं लागतं. का, ते मला विचारू नका. प्रस्तावना लिहिणारे विद्वान 'अजरामर' आणि 'कालातीत' असं लिहितात. ते शब्द तपासून तपासून माझे डोळे थकले. आमच्या मालकांचं म्हणणं सरळ आहे. "ताई, गेलेला लेखक कटकट करत नाही. म्हणून टिकतं."

ठोकळ्यात एक आत्या आहे. तिन्ही भावांची आत्या. मागच्या खोलीत राहते, शिवण शिवते आणि रोज दिवेलागणीला आतून विचारते, "सगळे आले का घरात?" कोणीतरी "आले" म्हणतं. एवढंच तिचं काम. ती काही करत नाही, तिला काही होत नाही, तिच्यामुळे कोणाचं काही बिघडत नाही की सुधारत नाही. मला तर ती देवानेच पाठवल्यासारखी वाटली. संगणकात 'आत्या' हा शब्द टाकला, जिथे जिथे सापडला तिथून तिला उचललं, आजूबाजूची वाक्यं जुळवली, आणि दोन दिवसांत एक पूर्ण फर्मा वाचला, म्हणजे छपाईची सोळा पानं. मालक खूश झाले. मीही त्या दिवशी जरा लवकर घरी गेले.

घरी लवकर जाण्यात मात्र काही सुख राहिलं नव्हतं. न्हाणीघरात पडून आईचं कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. येताना 'थोडे दिवस' म्हणून आली. डोळे तर त्याआधीच गेले होते. उजेड आणि सावली एवढंच कळतं. बाल्कनीला लागून एक अरुंद खोली आहे, तिथे आम्ही इस्त्रीचं टेबल आणि जुन्या बॅगा ठेवायचो. त्या बॅगा माळ्यावर गेल्या आणि तिथे आईची खाट आली. तिला उठवायचं, बसवायचं, धुवायचं, कूस बदलायची, औषधं द्यायची. दिवसा एक बाई येते, तीही आठवड्यातून एकदा दांडी मारते. नवरा चांगला माणूस आहे, बोलत नाही काही. पण संध्याकाळी बूट काढताना जो उसासा टाकतो तो मला स्वयंपाकघरात ऐकू येतो. मी स्वतः कपबशी विसळता विसळता उभ्या उभ्या डुलकी काढते. हे असं किती दिवस चालणार, हा प्रश्न आमच्या घरात रोज होता, फक्त कोणी तोंडावाटे काढत नव्हतं.

तो काढला दादाने. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, दूर दुसऱ्या गावात असतो आणि लांबून सगळं नीट दिसतं असं त्याला वाटतं. त्याने वृद्धांसाठी एक निवास शोधला होता. नर्स आहे, डॉक्टर येतात, खोल्या स्वच्छ, बाग आहे. एक खाट रिकामी झाली होती आणि ती सोमवारपर्यंत आपल्यासाठी धरून ठेवणार होते. "हो की नाही तेवढं मला सांग, बाकी मी बघतो," तो म्हणाला. "आणि आईला आत्ताच काही बोलू नकोस. उगाच जिवाला घोर लावून घेईल. ठरलं की सांगू."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा काहीही पटलं असतं.

त्याच आठवड्यात आईने हट्ट धरला. ती सहसा काही मागत नाही, म्हणून हट्ट म्हणायचा. "अगं, ते नदीकाठच्या घराचं पुस्तक तुमच्याकडे असेल ना? वाचून दाखव की मला. दिवस जाता जात नाही."

असेल काय, पिशवीतच होतं. ठोकळ्याची शेवटची मुद्रितं तपासायला घरी आणली होती. मनात म्हटलं, चला, मोठ्याने वाचलं की तपासूनही होईल आणि आईचंही मन रमेल. तिला मी हे सांगितलं नाही की वाचतेय ते अर्ध्याहून कमी आहे. तिला थोडंच आठवणार आहे, असं मला वाटलं.

चहा झाला की मी तिच्या खाटेशी स्टूल ओढायचे आणि वाचायचे. आई डोळे मिटून ऐकायची. थोरल्या सुनेने पहिल्यांदा घराच्या किल्ल्या हातात घेतल्या तिथे ती हसली. धक्क्यावरच्या मारामारीत तिने माझा हात धरला. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत आमच्यात औषध आणि बेडपॅन सोडून दुसरा विषय आला नव्हता.

"फार भराभरा चाललंय गं," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. "पूर्वी एवढं भराभरा नव्हतं."

"तू तेव्हा घरकाम करता करता वाचायचीस. म्हणून लांब वाटायचं."

"असेल. आत्या कधी येते?"

"येईल पुढे," मी म्हटलं आणि पान उलटलं.

मधेच माझ्या लेकीचा फोन आला. ती शिकायला बाहेर असते. फोन स्पीकरवर ठेवला होता; आजीला काय वाचून दाखवतेय ते कळल्यावर ती ओरडलीच. "आजी, धाकटा पळाला का अजून? मी फक्त त्याच्यासाठी ते पुस्तक वाचलं! बरं केलं पळाला ते. त्या घरात माणसाचा जीव गुदमरतो."

"तुझ्या आजोबांना कोर्टाची पानं आवडायची," आई म्हणाली. "जेवताना पुस्तक ताटाला टेकवून वाचायचे. वकिलाला शिव्या द्यायचे, जसा काही तो समोर बसलाय. आणि तुझी आई त्या शाळामास्तरासाठी वाचायची. थोरलीचं त्याच्यावर मन होतं ना, ते."

"आई!" मी म्हटलं.

"खोटं आहे का? उशीखाली ठेवायचीस पुस्तक."

लेक हसून हसून बेजार झाली. मीही हसले. तेवढ्यापुरता थकवा कुठे गेला कळलं नाही. फोन ठेवल्यावर आईने पुन्हा विचारलं, "आत्या अजून आली नाही." मी म्हटलं, "थांब ना जरा." त्या बिचारीला कुठे माहीत की ती येणारच नाहीये.

रविवारी दुपारी शेवटचं प्रकरण आलं. मला ते लवकर संपवायचं होतं. संध्याकाळी दादाशी बोलायचं होतं. घर रिकामं होत जातं. एक भाऊ तुरुंगात, एक शहरात, धाकट्याचा ठावठिकाणा नाही. थोरली एकटी अंगणात कपडे गोळा करते, दिवा लावते, दार ओढून घेते. मी आवाज न बदलता, जांभई दाबत वाचत होते.

'त्या संध्याकाळी मागच्या खोलीतून कोणी काही विचारलं नाही.'

आणि पुढच्या ओळीला गेले.

"थांब," आई म्हणाली. "ते परत वाच."

मी परत वाचलं. ही ओळ कापायची राहून गेली होती. त्या ओळीत 'आत्या' हा शब्दच नव्हता, म्हणून संगणकाला ती सापडली नव्हती. आणि मला सापडली नाही, कारण मी वाचत नव्हते, मोजत होते.

"कोणी विचारलं नाही म्हणजे काय?" आई म्हणाली. "आधी कधी विचारत होतं कोणी? तू तिला विचारूच दिलं नाहीस."

मी मांडीवरची पानं सारखी करू लागले.

"काढलंस तू तिला."

"आई, पानं कमी करायची असतात. मुलांसाठी आहे. तिच्यावाचून गोष्टीचं काही अडत नाही."

"अडलं नाही?"

"नाही."

"एवढं घर चाललं, मोडलं, आणि ती नाही हे कोणाच्या लक्षातच आलं नाही?"

"तुझ्या आलं की."

"माझ्या येणारच," आई म्हणाली. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. थोडा वेळ तिने चादरीची घडी बोटांनी सारखी केली. मग म्हणाली, "तुझ्या वयाची होते तेव्हा मीसुद्धा तिची पानं उलटून पुढे जायचे. काय ते रोज रोज एकच विचारणं! म्हटलं, लेखकाला दुसरा उद्योग नव्हता वाटतं. लग्नाआधी वाचलं ते थोरलीसाठी वाचलं. तुम्ही दोघं झाल्यावर वाचलं तेव्हा धाकट्यासाठी रडले. आत्या आहे की नाही इकडे माझं लक्षच नव्हतं. मग डोळे जायच्या जरा आधी पुन्हा हातात घेतलं. बघते तर काय, पुस्तकभर तीच बसलेली! नवीन कोणी लिहून घातली नव्हती गं. तिथेच होती पहिल्यापासून. माझीच वेळ झाली नव्हती."

मला तिच्याशी वाद घालायचा होता. पण दिवसाची बाई आली नव्हती, कूस बदलायची वेळ झाली होती. मी कूस बदलली, पाठीला पावडर लावली आणि बाहेर आले.

त्या संध्याकाळी दादाला फोन न करता मी कपाटावरून अख्खा ठोकळा काढला आणि फक्त आत्याची पानं वाचली. रोज ती विचारते, रोज कोणीतरी 'आले' म्हणतं. मधला पहिल्यांदा कोठडीत राहतो त्या दिवशीही ती विचारते, आणि त्याची बायको 'आले' म्हणते. धाकटा पळून जातो त्या संध्याकाळी विचारते तेव्हा घरात कोणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. शेवटी थोरलीच चुलीपाशी बसून 'आले' म्हणते. पुढे कितीतरी पानं ती हेच खोटं बोलत राहते. आत्याला ते खोटं आहे हे ठाऊक असतं की नाही, हे लेखक कुठेही सांगत नाही. आणि मग ती शेवटची संध्याकाळ. कोणी विचारलं नाही. आत्या वारली, की झोपली, की तिने विचारणंच सोडलं, काही नाही. पुढचं वाक्य दिव्याबद्दल आहे.

मी ही ओळ किती वेळा वाचली असेन! तरुणपणी, कामासाठी, आज दुपारी आईला वाचून दाखवताना. आणि ती मला आत्ता लागली, पन्नाशी उलटल्यावर, पाय पाण्याच्या बादलीत बुडवून बसलेले असताना. मला राग आला, लेखकाचा, आईचा, स्वतःचा. प्रस्तावनेत जे 'अजरामर' म्हणून लिहितात ते एवढंच असावं. ज्याची आज कोणाला गरज नाही असं माणूस तो लेखक घरात ठेवून देतो, तुम्ही कंटाळून पुढे जाता, आणि एके दिवशी तुम्हाला तेच माणूस लागतं. आणि मी नेमकी तीच माणसं आधी उचलते. त्यांच्यावाचून अडत नाही म्हणून.

सोमवारी मालकांना सांगितलं, एक ओळ राहून गेली आहे.

"काढा की मग," ते म्हणाले. "एवढंसं काम."

"ती ओळ राहू द्यायची आहे. आत्या परत घालायची आहे."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "ताई, तब्येत बरी आहे ना? आधी काढली कोणी? तुम्हीच ना?"

"मीच."

"मुलं परीक्षेपुरतं वाचतात. त्यांना आत्या आली काय आणि गेली काय."

"आज काही नाही. पण पुढे ती मोठी होतील."

"तेव्हा मोठं पुस्तक घेतील," मालक म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले. मग माझा चेहरा बघून त्यांचं हसू ओसरलं. फर्मा वाढवून देणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आहे त्या पानांत बसवायचं तर बसवा, आणि गुरुवारपर्यंत. म्हणजे धक्क्यावरची मारामारी जाणार, पूर जाणार आणि माझी झोप जाणार. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला आणि जागेवर येऊन बसले.

दुपारी दादाचा फोन आला. "आज सोमवार आहे. काय कळवू त्यांना?"

"संध्याकाळी सांगते. आईला विचारते."

"आईला? ती काय सांगणार? आणि आपलं ठरल्यातच जमा आहे ना?"

"विचारते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी स्टूल ओढून बसले तेव्हा हातात मुद्रितं नव्हती. आई म्हणाली, "आज वाचायचं नाही?"

"आई, दादाने एक जागा बघितली आहे."

"माहीत आहे. तुमच्या भिंती पातळ आहेत गं. जावईबापूंचं फोनवर बोलणंसुद्धा मला कळतं, आणि त्यांना वाटतं ते हळू बोलतात."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कोणी काही विचारलं नाही."

मी तिचा हात हातात घेतला. हलका झाला होता फार. मी विचारलं, "तुला जायचंय तिकडे?"

"सांगतेयस की विचारतेयस?"

"विचारतेय."

ती विचार करू लागली आणि मी वाट बघत राहिले. तिने नाही म्हणावं असं मला वाटत होतं, म्हणजे मी चांगली मुलगी ठरले असते आणि दादाला दोन शब्द सुनावता आले असते. आणि त्याहून आतून, अगदी मनापासून, तिने हो म्हणावं असं वाटत होतं. रात्रभर सलग झोप. फक्त तेवढ्यासाठी.

"जाते," आई म्हणाली. "तू फार दमलीस."

मी तिचा हात थोपटत राहिले.

"ते अख्खं पुस्तक तेवढं माझ्याबरोबर दे," ती म्हणाली. "कोणीतरी वाचून दाखवेल तिथे. तू केलेलं नको."

मी हो म्हटलं. तिला पाणी दिलं, उशी सारखी केली, बाहेर येऊन दादाला फोन लावला. "आई हो म्हणाली."

"बघ! उगाच जीव टांगणीला लावून घेतलास," तो म्हणाला, आणि त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. एवढ्या लांबून तो मला स्पष्ट ऐकू आला. माझा तर मी तिच्या खाटेशी बसूनच टाकला होता, तिने 'जाते' म्हणताक्षणी, तिचा हात माझ्या हातात असताना. आईला दिसत नाही; ऐकू मात्र सगळं येतं.